एक वीत माती

दहा हजारांपैकी सहा हजार चारशे बारा वेळा माझ्या भावाचा गुडघा मोडला.

मी ते पडद्यावर पाहत होते. प्रत्येक वेळी फुटबॉलचं मैदान खडकवेस तालमीचंच होतं, आणि प्रत्येक वेळी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठ्या पोराचा बूट त्याच्या उजव्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूने येत होता. कधी चिखलात, कधी उन्हात. कधी तो नऊ वर्षांचा असताना, कधी अकरा. उरलेल्या तीन हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी वेळा तो वाचला.

खरा धैर्यशील वाचला नव्हता. तो दहा वर्षांचा होता, मी बारा. मी मैदानाच्या कट्ट्यावर बसून त्याची चप्पल सांभाळत होते. ओला बांबू पिळून मोडावा तसा आवाज आला आणि तो खाली बसला.

"ऊठ," सरनाईक वस्ताद म्हणाले.

तो उठला नाही. वस्तादांनी वेताच्या छडीने त्याच्या पाठीवर दोन ओढले. "रडायचं आसंल तर उद्यापास्नं घरात बसून भाकऱ्या थाप."

धैर्या उठला आणि सहा मिनिटं खेळला. सातव्या मिनिटाला तो गुडघा मागे वळला. गुडघे तिकडे वळत नसतात. आसपासच्या पोरांपैकी एकाला तिथेच उलटी झाली. वस्तादांनी त्याच्याही पोटरीवर छडी मारली आणि खेळ चालू ठेवायला सांगितला.

ही २०३२ची गोष्ट. चौदा वर्षांनी, २०४६च्या फुटबॉल विश्वचषकात भारत उपांत्य फेरीत गेला. त्या संघाच्या अकरांपैकी पाच जण कोल्हापूरच्या या एका तालमीतले होते, एकाच तुकडीतले, साधारण एकाच वयाचे. वर्तमानपत्रांनी त्यांना सुवर्णपिढी म्हटलं. ज्याच्या दोन गोलांनी हे घडलं त्या झुबेर मुल्लाणीने विमानतळावर सांगितलं, "आमाला वस्तादांनी घडवलं. मार खाल्ला म्हणून उभा हाय."

महिन्याभरात क्रीडा प्रबोधन प्राधिकरणाने 'खडकवेस पद्धत' देशभर चारशे केंद्रांत नेण्याची योजना आखली. नऊ वर्षांची मुलं बारा-तेरा वर्षांच्या मुलांत टाकायची. दर शनिवारी एक सामना पंचाशिवाय आणि शिट्टीशिवाय. पडेल त्याला उचलायचं नाही. योजनेला शास्त्रीय अहवाल जोडणं बंधनकारक होतं, आणि तो लिहायचं काम पुण्यात आमच्या प्रयोगशाळेकडे आलं. मी तिथे संख्याशास्त्रज्ञ आहे. कोल्हापूरची म्हणून फाइल माझ्याच टेबलावर पडली.

आमच्या यंत्रणेचं नाव पुनर्खेळ. २०२९पासून राज्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या घोट्यात आरोग्य योजनेचं एक रबरी कडं असतं. पोरगं धावलं, पडलं, लाथ बसली, की तो जोर सेकंदाला हजार वेळा नोंदला जातो. दर सहा महिन्यांनी हाडांचं चित्रही निघतं. एवढ्या नोंदींवरून त्या मुलाचं एक प्रतिरूप तयार करता येतं. त्याची हाडं त्या मुलासारखीच वाढतात, ते तितक्याच वेगाने शिकतं आणि तितक्याच लवकर दमतं. हे प्रतिरूप पुन्हा नऊ वर्षांचं करायचं आणि त्याचं बालपण नव्याने खेळवायचं. मैदान, सराव, जेवण तेच ठेवायचं. कुणाचा पाय कधी घसरला, चेंडू कुठल्या खड्यावरून उडाला, निवड समितीचा माणूस नेमका कोणत्या दिवशी बघायला आला, या सगळ्याचे फासे मात्र पुन्हा टाकायचे.

एकदा खेळवून काही कळत नाही. दहा हजार वेळा खेळवलं की योगायोग एकमेकांना खोडून काढतात आणि पद्धतीचा परिणाम तेवढा उरतो. यंत्रणा खरं बोलते का, हे तपासायला आम्ही तिला या तुकडीच्या पहिल्या सहा महिन्यांच्याच नोंदी दिल्या आणि पुढे किती गुडघे जातील ते विचारलं. अडतीस मुलांत तिने अठरा सांगितले. प्रत्यक्षात एकोणीस गेले होते.

मग मी खरा प्रश्न विचारला. हीच अडतीस मुलं वस्तादांच्या पद्धतीने वाढवली तर राष्ट्रीय दर्जाचे किती निघतात? सरासरी एक पूर्णांक चौतीस. आणि आपल्या वयाच्या गटात, शिट्टीच्या खेळात, त्याच मैदानावर तितकाच सराव करून? एक पूर्णांक एकतीस. पाच किंवा अधिक निघण्याचा प्रसंग पद्धतीने एकशे एकवीस वेळा आला, साध्या गटात एकशे सतरा वेळा.

सराव निरुपयोगी होता असं अजिबात नाही. सराव काढून टाकला की आकडा शून्याला टेकत होता. रोज पहाटेचे दोन तास या पोरांना दारापर्यंत नेत होते. आत किती जण शिरतील, एक की पाच, हे मात्र फाशांवर होतं. छडी आणि मोठ्या पोरांचे बूट यांनी फक्त एकच आकडा हलत होता. मोडलेले गुडघे पद्धतीने अठरा, साध्या गटात चार.

सुवर्णपिढी योगायोगाने आली होती. लंगडी पोरं तेवढी पद्धतीने तयार झाली होती.

*

एक गोष्ट जुळत नव्हती. खडकवेस तालमीत वरच्या गटात कोण जाणार हे वयाच्या दाखल्यावर ठरत नाही. दर जूनमध्ये पोराला कुस्तीच्या आखाड्यात खांबाला पाठ लावून उभं करतात. हात वर केला आणि खांबावरच्या खाचेला बोट लागलं की तो वरच्या गटात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे बारा वर्षांची पोरं पोचत आली. २०३१ साली एकदम नऊ-दहा वर्षांची अडतीस पोचली. त्यांची उंची नोंदीत होती. ती पोचणं शक्यच नव्हतं.

मी कोल्हापूरला गेले. वस्ताद सत्तरीला आले होते. आखाड्याच्या कडेला बसून ते कांदा फोडून भाकरीशी खात होते.

"इंगवल्यांची केतकी न्हवं का तू? ये. शिकून लई मोठी झालीस म्हनं."

"वस्ताद, त्या वर्षी एवढी बारकी पोरं वर कशी घेतली?"

"नजर," ते डोळ्याकडे बोट करून म्हणाले. "पोरगं चालताना बघितलं की कळतंय."

मी खाली उतरले आणि टेपने खाचेपासून मातीपर्यंतचं अंतर मोजलं. मग खांबाचं लाकूड बोटाने चाचपत गेले. मातीच्या वर एक वीतभर पट्टा काळपट होता. पूर्वी काही काळ माती तिथपर्यंत आली होती.

"तीस सालच्या पुरात आखाडा वाहून गेला," मी म्हणाले. "मग तुम्ही नवीन माती भरलीत."

"अकरा ट्रॉल्या. ताक, हळद, लिंबं, समदं घालून."

"जास्त भरली गेली. जमीन एक वीत वर आली आणि खाच होती तिथेच राहिली. पोरं उंच झाली नव्हती, वस्ताद."

त्यांनी तोंडातला घास गिळला. मग पाणी प्यायले.

"आठ दिसांत ध्यानात आलं हुतं माझ्या," ते म्हणाले. "माती उपसून काढली की मी."

"मग पोरं खाली का नाही उतरवली?"

"एकदा वर चढवल्यालं पोरगं खाली उतरवायचं? पेठेत त्याला कोन जगू देईल? बापाला कट्ट्यावर बसू देतील का? आमच्यात तसं करत न्हाईत."

"एकोणीस गुडघे, वस्ताद."

"आनि पाच जन कोन हायेत ते बी सांग की." त्यांनी छडी उचलली आणि माझ्या टेपवर इतक्या जोराने मारली की तिची डबी फुटली. "सांग की!"

*

धैर्यशील तालमीत लहान पोरांना शिकवतो. वस्तादांचा उजवा हात. पाय ओढत चालतो आणि त्याची त्याला लाज नाही. उन्हाळ्यात हाफ पँट घालून तो व्रण मुद्दाम दाखवतो. नव्या योजनेत कोल्हापूर केंद्राचा प्रमुख तो होणार होता.

मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. माती, आठ दिवस, आकडे. तो अंडी फोडत होता. फोडायचा थांबला नाही.

"झालं तुझं?"

"शनिवारी गोगटे मॅडम येतायत, प्राधिकरणाच्या. मी त्यांना हेच सांगणार आहे."

"अक्का, तुला कळतंय का काय बोलायलीस? ती पाच पोरं माझ्या गुडघ्यावर हुबी हायेत. मी पडलो ते बघून झुबेर कडक झाला. त्यो सोता मला म्हनलाय."

"त्याला तसं वाटतं. दहा हजारांत झुबेर साध्या गटात सहाशे अकरा वेळा राष्ट्रीय दर्जाला पोचला. पद्धतीत सहाशे तीन."

"आनि मी?"

ते मी सांगणार नव्हते.

"अक्का. मी किती येळा?"

"सातशे दोन," मी म्हणाले. "साध्या गटात. अडतिसांत सगळ्यांत जास्त तू."

त्याने मला मारलं. उघड्या हाताने, पण खांद्यातून जोर काढून. मी फळीवर आदळले, वरचे डबे खाली आले, आणि ओठ दातावर चिरला. रक्त हनुवटीवरून ओट्यावर पडायला लागलं. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. मग त्याने त्याच हाताची मूठ आवळून भिंतीवर घातली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बोटांच्या हाडांचा आवाज आला तेव्हा मी त्याला मागून कवटाळलं.

"ह्ये कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "एवढंच तर माझ्याकडं हुतं गं."

*

शनिवारी तालमीच्या सभागृहात दोनशे माणसं होती. पाचही खेळाडूंची छायाचित्रं, झेंडूचे हार, ढोल. डॉ. आरती गोगटे पहिल्या रांगेत. बाहेर मैदानावर त्यांच्यासाठी पद्धतीचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. नऊ वर्षांची नऊ पोरं वरच्या गटासोबत, शिट्टीशिवाय.

मी सात मिनिटं बोलले. 'योगायोग' हा शब्द दुसऱ्यांदा उच्चारला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "बसवा तिला खाली!"

"चारशे केंद्रं," मी आवाज चढवला. "प्रत्येकी एकच तुकडी धरली तरी साडेपाच हजार गुडघे जास्तीचे. बदल्यात जवळजवळ काहीच नाही."

पहिली खुर्ची माझ्या डोक्यावरून गेली. दुसरी खांद्याला लागली आणि मी पडले. कुणाचा तरी पाय माझ्या बरगडीत बसला. "पेठेचं खाऊन पेठेवर थुकतीस व्हय!" हा आमच्या शेजारचा माणूस होता, लहानपणी त्याने मला सायकल शिकवली होती. कुणीतरी केस धरून ओढलं. मग गर्दी एका बाजूला सरकली, कारण गोगटे मॅडम उठल्या होत्या आणि पाहुण्यांना धक्का लागू नये एवढं भान लोकांना होतं.

त्या माझ्याजवळ वाकल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचे आकडे बरोबर आहेत. मी तपासून घेतले. पण चारशे केंद्रांत फासे टाकले की चार-पाच ठिकाणी सुवर्णपिढी निघणारच, नाही का?"

"पद्धतीशिवायही तेवढ्याच ठिकाणी निघेल, मॅडम."

"हो. पण मग श्रेय कुणाला द्यायचं? योगायोगाला निधी मिळत नाही हो." त्यांनी स्वतःचा रुमाल माझ्या हातात दिला. "चला, सामना बघू."

दारात धैर्यशील उभा होता, उजव्या हाताला प्लास्टर. त्याने सगळं पाहिलं होतं आणि जागचा हलला नव्हता. वस्ताद त्याच्या शेजारून जायला लागले तेव्हा त्याने त्यांना अडवलं.

"वस्ताद, एकच इचारतो. माती जादा झालेली तुमाला ठाऊक हुतं?"

"हुतं."

"आमाला वर ठेवलासा."

"तुमची इज्जत ठेवली," वस्ताद म्हणाले. "जा. खेळ सुरू कर."

आणि त्याने सुरू केला. मी कुंपणाला धरून उभी होते, श्वास घेताना बरगडी टोचत होती. धैर्यशीलने चेंडू मध्यावर ठेवला आणि बाजूला झाला.

पाचव्या मिनिटाला एका बारक्याचं नाक फुटलं. त्याने बाहीला पुसलं आणि पळाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठव्या मिनिटाला एका मोठ्या पोराने कोपर घालून दुसऱ्याला आडवं केलं आणि जाताजाता त्याच्या बोटांवर पाय दिला. टाळ्या. ढोल. अकराव्या मिनिटाला विहान चौगुले नावाचं नऊ वर्षांचं पोरगं चेंडू घेऊन उजवीकडून सुटलं. तेरा वर्षांच्या दोघांना त्याने मागे टाकलं. तिसऱ्याने सरळ पायावर उडी घेतली.

तो आवाज मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला.

विहान गुडघा धरून गोल झाला. ओरडला नाही. ओरडायचं नाही हे त्याला शिकवलं होतं, आणि शिकवणारा माझा भाऊच होता.

"ऊठ!" वस्ताद छडी घेऊन निघाले. "ऊठ की रं वाघा!"

विहानने हात टेकले. एका पायावर उभा राहिला. दुसरा टेकवला, चेहरा पांढरा पडला, तरी टेकवला. गर्दीने त्याच्या नावाने आरोळी ठोकली. पोरगं हसलं. खेळायला वळलं.

धैर्यशील आत शिरला. त्याने चालत्या खेळातून, पाय ओढत, सरळ विहानकडे जाऊन डाव्या हाताने त्याला कमरेतून उचललं.

"सोड!" विहान किंचाळला. "सोड मला! मी खेळतोय!"

"धैर्या, खाली ठेव त्याला," वस्ताद म्हणाले.

तो चालत राहिला. वस्तादांनी छडी त्याच्या पाठीवर ओढली. मग मानेवर. मग लंगड्या पायाच्या पोटरीवर, पूर्ण जोर लावून. तो एका गुडघ्यावर आला, पण पोराला जमिनीला लागू दिलं नाही. उठताना त्याने प्लास्टरचा हात मागे फिरवला. तो वस्तादांच्या तोंडावर बसला. म्हातारा उताणा पडला आणि त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच आलं.

मग सगळे आत घुसले. पहिला विहानचा बाप. "माझ्या पोराचं नाव लागत हुतं रं! साहेब बघायलेत!" म्हणत त्याने धैर्यशीलच्या कानाखाली ठोसा मारला. एकाने कॉर्नरच्या झेंड्याची काठी उपसून त्याच्या डोक्यात घातली. विहान स्वतः त्याच्या खांद्याला चावत होता. दात शर्टातून आत गेले होते आणि कापड लाल होत होतं. धैर्यशील पोरावर वाकून, पाठ गर्दीला देऊन, एकेक पाऊल टाकत होता. मी गर्दीत शिरले. नखांनी, डोक्याने, मिळेल त्याने मी वाट काढली. एकाचा हात मी चावले. आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हा माझ्या एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि धैर्यशीलच्या कानातून रक्त येत होतं. विहानचा बाप मागेच होता, पण आता तो मारत नव्हता. पोराचा पाय कसा लोंबतोय ते त्याने जवळून पाहिलं होतं.

"रिक्षा," तो म्हणाला. "ओ, रिक्षा!"

*

हाडाच्या डॉक्टरांनी विहानच्या गुडघ्याचं चित्र उजेडात धरलं. "लिगामेंट अर्धवट फाटलंय. सहा महिने पट्टा, रोज व्यायाम. बरा होईल."

"पहिल्यासारखा?" त्याच्या बापाने विचारलं.

"लगेच थांबवला म्हणून. आणखी चार-पाच मिनिटं पळाला असता, तर मी काही सांगू शकलो नसतो."

बाप बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

माझ्या फोनवर गोगटे मॅडमचा संदेश आला होता. 'योजना तूर्त स्थगित. तुमच्या अहवालामुळे नव्हे. मैदानावरचं चित्रण सगळीकडे फिरतं आहे.' मी तो दोनदा वाचला आणि फोन पर्समध्ये टाकला. तूर्त म्हणजे किती, ते मला कुठल्याही यंत्रणेतून काढता आलं नसतं.

आत दोन खाटा होत्या. एकीवर विहान, मांडीपासून पोटरीपर्यंत बांधलेला. दुसरीवर धैर्यशील बसला होता, डोक्याला सात टाके, खांद्यावर दातांच्या दोन कमानी. नर्स त्यावर औषध लावत होती. विहान छताकडे बघत होता. मग धैर्यशीलकडे न बघता म्हणाला, "मला खाली उतरवलास तू. समद्यांच्या देखत."

"व्हय."

"मोठा झालो का न्हाई, तुला धरून हाणणार बघ."

"हाण की," धैर्यशील म्हणाला. "पण पळत ये."